गृहोपयोगी यंत्रविचार : विमानातील इंधननळी

स्वयंपाकघरातील गॅसच्या शेगडीस जी नारिंगी नळी जोडलेली असते, ती आपल्या घरी कोणत्या साली बसविली, असा प्रश्न दहा कुटुंबांत विचारला, तर निश्चित उत्तर एखाद्याच घरून मिळेल. नळी गळत नाही, वास येत नाही, तेव्हा ती चांगलीच असली पाहिजे, असा आपणां सर्वांचा समज असतो. वस्तुतः या नळीच्या पोटात पोलादी तारांचे वेष्टन असते, तिच्यावर आयएसआयचे चिन्ह असते आणि पाच वर्षांनी ती बदलावी, अशी गॅस कंपन्यांची सूचना असते. तथापि लोणच्याच्या बरणीवर घातल्याचा महिना आठवणीने लिहिणारी आपली घरे या नळीचे जन्मवर्ष मात्र कोठेही लिहून ठेवीत नाहीत.

हा विषय आजच काढण्यास निमित्त झाले ते एका वाचकांच्या पत्राचे. हे गृहस्थ कोल्हापुरात राहतात. घरी वृद्ध मातोश्री, दोघे भाऊ, भावजया व मुलेबाळे असा मोठा परिवार आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर असून, महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या लहान विमानातून त्यांना एकवार उड्डाण घडले. तेव्हापासून दोन आसनांच्या विमानाचे सुटे भाग मागवून ते स्वहस्ते जुळवावे, हा ध्यास त्यांनी घेतला आहे. वडील लिहितात : ‘इंजिन परदेशांतून तयार येणार आहे, त्याची मला धास्ती नाही. परंतु पेट्रोलची नळी येथेच उद्यमनगरात करून घेऊ, निम्म्याहून कमी खर्चात होईल, असे मुलगा म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. नळीसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी मी त्यास अडवावे काय?’

प्रश्न एका घरचा असला, तरी त्याचे उत्तर आपणां सर्वांच्या कामाचे आहे, म्हणून येथे ते सविस्तर देत आहो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, घरी विमान बांधण्याचे वेड महाराष्ट्रास अगदीच अपरिचित नाही. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईतील कांदिवली येथे, आपले एकत्र कुटुंब जेथे राहते त्याच इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचे चाचणी उड्डाण झाले. बांधणीस जितकी वर्षे लागली, जवळजवळ तितकाच धीर परवानगी मिळविण्यास लागला. अशी नोंदणी व परवानगी हाती असल्याखेरीज घरी बांधलेले विमान आकाशात नेता येत नाही, ही गोष्ट आमच्या तरुण मित्राने पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

आता नळीकडे वळू. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडविले, त्यात पेट्रोलची लहानशी टाकी पंखांमधील खांबास बांधलेली असून पेट्रोल आपल्याच भाराने खाली इंजिनाकडे उतरत असे. आज लहान विमानाची टाकी बहुधा पंखांत असते. तेथून इंजिनाच्या आडभिंतीपर्यंत, म्हणजे ज्या पोलादी पत्र्यास फायरवॉल म्हणतात तेथवर, अॅल्युमिनियमची ताठ नळी आणतात. तिच्यापुढे मात्र ताठ नळी चालत नाही. कारण इंजिन रबरी बैठकांवर बसविलेले असते. ते सुरू होताना व बंद होताना चांगलेच हिसके देते आणि चालू असेतोवर अखंड कापत राहते. धातूची ताठ नळी हे कंपन फार काळ सोसू शकत नाही. वाकवून वाकवून तार जशी तुटते, तशी ती जोडापाशी तडकते. म्हणून आडभिंतीपासून कार्बुरेटरपर्यंतचा हात-दीड हात अंतराचा प्रवास पेट्रोल लवचीक नळीतून करते. संपूर्ण विमानात याहून अधिक गैरसोयीची जागा दुसरी नसेल. एका बाजूस तापलेली धुराडी, दुसऱ्या बाजूस विजेच्या तारा, आणि मध्ये पेट्रोलने भरलेली ही नळी.

ती कोंदली, तर इंजिन उपाशी राहून बंद पडते. ती फुटली, तर पेट्रोल धुराड्यावर सांडून आग लागते. स्कूटर बंद पडली, तर आपण ती रस्त्याच्या कडेस लावून ढकलीत घरी आणतो. आकाशात रस्त्यास कड नसते. ‘क्षुल्लक वस्तू’ या शब्दांचा विचार एवढ्यावरूनच करावा.

निवड करताना पहिला प्रश्न दाबाचा नसून द्रवाचा आहे. उद्यमनगरातील कारागिरांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. ओतकामात व तेलाच्या इंजिनांत कोल्हापूरने जे नाव मिळविले, ते अशाच हातांनी मिळविले. ऊसतोडणीच्या व खोदाईच्या यंत्रांस लागणारी हायड्रॉलिक नळी तेथे उभ्या उभ्या बनवून मिळते आणि ती प्रचंड दाब सोसते. परंतु कार्बुरेटरच्या लहान इंजिनात पेट्रोलचा दाब सायकलच्या चाकातील हवेहूनही पुष्कळ कमी असतो. दाब सोसणे हा येथे गुण आहे खरा, पण तो दुय्यम होय. तेलासाठी केलेले रबर पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते व आतून त्याचा भुगा सुटू लागतो. तो भुगा थेट कार्बुरेटरच्या सुईसारख्या बारीक छिद्रात जाऊन बसतो. मजबूत नळी व योग्य नळी यांतील हा भेद ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ शहाणी माणसे फसतात.

दुसरा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. उसाच्या मळीपासून व रसापासून जे इथेनॉल बनते, ते आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २०२५ साली देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. ऊस उत्पादकांस त्याचा लाभ झाला, हे चांगलेच झाले. पण इथेनॉलचे दोन स्वभाव रबरी नळीच्या मुळावर येतात. जुन्या जातीच्या रबरात ते शिरते व त्यास फुगविते, आणि पुढे रबर कोरडे पडले की ते आखडून भेगाळते. शिवाय ते हवेतील पाणी ओढून घेते. आपल्याकडील आषाढ-श्रावणात महिनाभर उभ्या असलेल्या विमानाच्या टाकीत हे पाणी साचून इथेनॉलसह तळाशी वेगळे बसू शकते. लहान विमानांत सर्वत्र आढळणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनास त्याच्या निर्मात्यांनी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा दिली आहे. लायकमिंग इंजिनास तर ते वर्ज्यच आहे. म्हणजे रस्त्यावरच्या पंपाचे पेट्रोल विमानात ओतण्याची वाट बंद झाली, असेच समजावे. विमानासाठी निराळे, निळसर रंगाचे पेट्रोल मिळते. ते पूर्वी परदेशांतून येत असे, पण २०२२ पासून इंडियन ऑइल ते गुजरातेत तयार करीत आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत वैमानिक वापरतात. खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत १० खुणांपर्यंत पाणी घ्यावे, वर १०० पर्यंत पेट्रोल ओतावे, बूच लावून हलवावे व स्वस्थ ठेवावे. खालचा पाण्याचा थर १० वरच राहिला, तर इथेनॉल नाही. तो वाढलेला दिसला, तर पेट्रोलमधील इथेनॉल पाण्यात उतरले, असे जाणावे. हा प्रयोग विस्तवापासून दूर, उघड्या हवेत व वडील माणसाच्या देखरेखीखाली करावा. स्वयंपाकघरात तो कदापि करू नये.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. विमानासाठी बनविलेल्या नळ्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकीत आतले अस्तर कृत्रिम रबराचे असून बाहेरून सूत व पोलादी तार यांचे विणकाम असते. ती सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. दुसरीत अस्तर टेफ्लॉनचे व त्यावर गंज न चढणाऱ्या पोलादाची जाळी असते. ती सुमारे २३० अंश सोसते आणि पेट्रोल, इथेनॉल वा काळ यांपैकी कोणाचाही तिच्या अस्तरावर सहसा परिणाम होत नाही. तिचा दोष एवढाच की, ज्या वळणात ती वर्षानुवर्षे राहिली ते वळण तिच्या अंगवळणी पडते. काढल्यावर ती कोणी बळाने सरळ केली, तर आतले अस्तर मोडते. म्हणून काढलेली नळी आहे त्याच वळणात बांधून ठेवावी.

या दोहोंपैकी कोणतीही घेतली, तरी इंजिनाच्या बाजूस तिच्यावर काचतंतू व सिलिकोन यांची जाड बाही चढविलेली असावी. सुमारे १,१०० अंशांच्या ज्वाळेत पाच मिनिटे टिकणाऱ्या वस्तूस विमानशास्त्रात अग्निप्रतिरोधक म्हणतात. पाच मिनिटे हा काळ घरी बसून मोजला तर फार थोडा वाटतो; पण पेट्रोल बंद करून, मोकळे शेत पाहून, विमान खाली उतरविण्यास तो पुरा पडावा, हाच या मोजणीचा हेतू आहे.

चौथा प्रश्न माप व जोड यांचा. आपली ३/८ इंची ताठ नळी आणि तिला जोडावयाची लवचीक नळी यांची मापे एकाच कोष्टकातून घ्यावीत. विमानाच्या जोडाची उतार असलेली कडा ३७ अंशांची असते, तर मोटारींच्या जोडांची पुष्कळदा ४५ अंशांची. आटे वरवर जुळतात, नट घट्टही बसतो, आणि तरीही कडा एका बारीक रेषेवरच टेकलेली राहून महिन्या-दोन महिन्यांनी पाझर सुरू होतो. पंप पेट्रोल वर ओढीत असेल, तर यात आणखी एक फसगत आहे. ढिल्या जोडातून पेट्रोल बाहेर न येता हवाच आत जाते. डाग पडत नाही, वास येत नाही. इंजिन मात्र उंचीवर गेल्यावर अडखळू लागते.

नळी तयार करणे हेही हातखंडा असणाऱ्याचेच काम आहे. जोड आत सारताना अस्तराची एखादी साल सोलली गेली, तर ती आत पडद्याप्रमाणे लोंबत राहते. जमिनीवर, मंद गतीत, पेट्रोल तिच्या कडेने सुखाने वाहते. पूर्ण वेगात ती उचलली जाऊन मार्ग बुजविते. म्हणून तयार नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी, आणि कमाल दाबाच्या निदान दुप्पट दाबाने ती तपासली असल्याचा दाखला मागावा. बसविताना ती ताणून बसवू नये. लांबीच्या ५ ते ८ टक्के सैल ठेवावी, कारण दाबाखाली नळीची लांबी बदलते. तिच्या अंगावरची सरळ रेघ पिळलेली दिसली, तर नळीस पीळ बसला आहे असे जाणून ती पुन्हा बसवावी. धुराड्यापासून ती दूर असावी, आणि विजेच्या तारा तिच्या खालून न नेता वरून न्याव्यात.

हे सर्व झाल्यावर एक परीक्षा उरते. विमानाचे नाक चढणीच्या कोनात वर करून, कार्बुरेटरपाशी नळी सोडवून, मिनिटास किती पेट्रोल येते ते मोजावे. पेट्रोल केवळ भाराने उतरत असेल, तर पूर्ण शक्तीत इंजिनास जेवढे लागते त्याच्या दीडपट, व पंपाने येत असेल, तर सव्वापट आले पाहिजे. इंजिन ताशी २० लिटर पीत असेल, तर पहिल्या प्रकारात ताशी ३० लिटर, म्हणजे मिनिटास अर्धा लिटर. याला घड्याळ व मापाचे भांडे यांपलीकडे काहीच लागत नाही. पण ही परीक्षा न घेता उडालेली विमाने परत येतीलच, याची शाश्वती कोणी देऊ नये.

नकाशात स्वतःच्या बुद्धीने फेरफार करणाऱ्यांस एक उदाहरण सांगणे इष्ट आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रख्यात अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हे घरी बांधलेल्या विमानातून जात असता कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात पडून मृत्यू पावले. पेट्रोलच्या नळ्या बैठकीत नसाव्यात, या सद्हेतूने ते विमान बांधणाऱ्याने टाकी बदलण्याची चावी मूळ नकाशातील जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. चालू टाकीतील पेट्रोल संपले, चावी फिरविण्यासाठी मागे वळावे लागले आणि विमान हातचे गेले, असाच चौकशीचा निष्कर्ष होता. हेतू नळीच्या सुरक्षिततेचा होता. परंतु एक धोका टाळताना दुसरा कोठे उभा राहतो, हे पाहिले गेले नाही.

निवडीची कथा येथे संपली. निगेची मात्र उड्डाणागणिक नव्याने सुरू होते, आणि आमच्या मते खरा कस तेथेच लागतो. रबर आतून म्हातारे होते. आमच्या घरी एका जुन्या स्कूटरची पेट्रोलनळी बदलताना काढलेली नळी आम्ही कुतूहलाने उभी चिरून पाहिली. बाहेरून ती काळीभोर व तकतकीत होती, म्हणून दोन वर्षे आम्ही मेस्त्रींचा सल्ला टाळीत आलो होतो. आतून ती उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळलेली निघाली. त्या दिवशी आम्हांस कळले की, नळीच्या बाबतीत डोळा हा साक्षीदार भरवशाचा नाही. म्हणूनच रोटॅक्स इंजिनाचे निर्माते सांगतात की, रबरी नळ्या पाच वर्षांनी बदलाव्यात. मग विमान रोज उडो वा छपराखाली उभे राहो. उभ्या विमानाची नळी तर अधिकच लवकर बिघडते, कारण पेट्रोलने रबरातील मऊपणा ओढून घेतलेला असतो आणि नळी रिकामी राहिली की ती वाळते.

येथे आपल्या एका सद्गुणाशीच आपला झगडा आहे. ‘अजून चांगली आहे, कशाला टाकायची?’ हे वाक्य आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या ऐकू येत आले आहे. जुन्या साडीची गोधडी व धान्याच्या पोत्याचे पायपुसणे करणाऱ्या या काटकसरीनेच कित्येक कुटुंबांची मुले शिकली. तिचा उपहास करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण जी वस्तू झिजताना दिसते, तिच्यापुरतीच ही काटकसर शहाणपणाची ठरते. जी न दिसता झिजते आणि एकदाच, अखेरचीच, कळविते, तिचे आयुष्य डोळ्यांनी न ठरविता तारखेने ठरवावे.

तेव्हा पत्रलेखक महाशयांस आमचे उत्तर असे. नळीसाठी मुलास अवश्य अडवा. विमानासाठी अडवू नका. नळी विमानासाठीच बनविलेली व दाबाने तपासलेली मागवावी. ती धरून ठेवणारे कोन व पट्ट्या, इंजिनाची झाकणे व गाडे उद्यमनगरात खुशाल करून घ्यावेत. ते तेथे उत्तमच होतील. मग मुलास सांगा की, एक वही घाल. प्रत्येक नळीवर धातूचा लहान बिल्ला बांधून त्यावर क्रमांक व बसविल्याची तारीख कोरावी, तोच क्रमांक वहीत उतरावा आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी जोड हाताने चाचपून तेथे सही करावी. बांधणीचा उत्साह तरुणांस उपजतच असतो. वही पाचव्या वर्षीही तितक्याच नेटकेपणाने भरलेली राहिली, तर तो वैमानिक होण्यास योग्य झाला असे समजा. ज्या दिवशी वही कोरी दिसेल, त्या दिवशी विमानाची किल्ली आपल्याकडे मागून घ्या. वडिलांचा एवढा अधिकार कोणताही शहाणा मुलगा नाकारणार नाही, आणि उजळाईवाडीच्या माळावरून विमान उठताना पाहणाऱ्या आजींचे चित्तही त्यामुळे थोडे स्वस्थ राहील.

आणि ज्या घरी विमान नाही, म्हणजे आपणां बहुतेक सर्वांच्या घरी, त्यांनी काय करावे? खंडेनवमीस आपण गाड्यांस व यंत्रांस हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. त्याच सकाळी, माळ घालण्यापूर्वी, स्कूटरची पेट्रोलनळी बोटांनी दाबून पाहावी, गॅसच्या नळीवरचे साल वाचावे व दोन्ही तारखा दिनदर्शिकेच्या मागील पानावर लिहाव्यात. साल वाचता येत नसेल, तर नळी जुनीच समजून बदलावी. पुढील वर्षी ते पान नव्या दिनदर्शिकेत उतरवून घेण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्या लिहित्या मुलाकडे द्यावे. मोठी माणसे विसरतात, मुले विसरत नाहीत.